सर्वेक्षण-सामग्रीचे एकत्रीकरण आणि चलांचे सुरक्षित पुनर्सांकेतिकीकरण : महाड व पोलादपूर तालुक्यांच्या संदर्भात

गोषवारा :

महाविद्यालयीन पातळीवरील सर्वेक्षणांत दोन किंवा अधिक गटांनी गोळा केलेली सामग्री संगणकावर एकत्र करण्याचा प्रसंग वारंवार येतो. अशा वेळी एकाच चलासाठी निरनिराळ्या फाईलींत निरनिराळे संकेतांक वापरलेले असतात. ते एकसारखे करणे म्हणजे पुनर्सांकेतिकीकरण होय. ही क्रिया यांत्रिक वाटत असली तरी तिच्यात झालेली चूक संगणक दाखवत नाही. ती थेट निष्कर्षात उतरते. प्रस्तुत लेखात या चुका कशा घडतात आणि त्या टाळण्यासाठी कोणती कार्यपद्धती अवलंबावी, याचे विवेचन महाड व पोलादपूर परिसरातील उदाहरणांच्या आधारे केले आहे.

बीजसंज्ञा : सर्वेक्षण, चल, संकेतांक, पुनर्सांकेतिकीकरण, सामग्रीचे एकत्रीकरण, अनुत्तरित मूल्ये.

प्रस्तावना :

सामाजिक शास्त्रे, वाणिज्य, भूगोल, गृहविज्ञान अशा अनेक विषयांत विद्यार्थ्यांकडून प्रकल्पकार्य करून घेतले जाते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतूनही गावपाहणी होते. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड आणि पोलादपूर हे तालुके अशा अभ्यासांना भरपूर विषय पुरवितात. सावित्री नदीचे खोरे, सह्याद्रीच्या उतारावरील विखुरलेल्या वाड्या, मुंबई-पुण्याकडे होणारे स्थलांतर, महाडची औद्योगिक वसाहत आणि वारंवार येणारे पूर व दरडी हे त्यांपैकी काही होत. २५ व २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे, तसेच पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथे तोच प्रसंग ओढवला. या भागातील कुटुंबांची माहिती गोळा करणे हा केवळ अभ्यासक्रमाचा भाग राहत नाही. त्या माहितीवरून कोणाला काय मिळावे याविषयी मत बनते. म्हणून ती माहिती संगणकात शिरल्यावर तिचे काय होते, हे पाहणे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.

लेखाची उद्दिष्टे :

१. एकत्रीकरणाच्या वेळी संकेतांकांमुळे होणाऱ्या चुकांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. शासकीय व राष्ट्रीय सामग्री वापरताना उद्भवणाऱ्या अडचणी दाखवून देणे.
३. सुरक्षित पुनर्सांकेतिकीकरणाची क्रमबद्ध कार्यपद्धती सुचविणे.

एक अनुभव :

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या मार्गदर्शनाखाली पदवी वर्गातील विद्यार्थ्यांचे दोन गट कुटुंब-सर्वेक्षण करीत होते. एक गट महाडच्या बाजूला, तर दुसरा पोलादपूरच्या बाजूला होता. प्रश्नावली एकच होती. मात्र उत्तरे संगणकात भरताना दोन्ही गटांनी आपापल्या सोयीने संकेतांक दिले. शिक्षणाच्या चलात महाड गटाने निरक्षर १, प्राथमिक २, माध्यमिक ३, उच्च माध्यमिक ४ व पदवी ५ असे संकेतांक दिले. पोलादपूर गटाने निरक्षर व्यक्तीस शून्य देऊन पुढे प्राथमिक १, माध्यमिक २, उच्च माध्यमिक ३ व पदवी ४ असे लिहिले. दोन्ही फाईलींत चलाचे नाव एकच होते. आम्ही त्या एसपीएसएसमध्ये एकाखाली एक जोडल्या. संगणकाने कोणतीही हरकत घेतली नाही.

जोडलेल्या फाईलीत पहिल्या, म्हणजे महाडच्या फाईलीतील लेबले कायम राहिली. परिणामी पोलादपूरचा प्राथमिक शिक्षण घेतलेला प्रत्येक माणूस निरक्षर ठरला आणि पदवीधर माणूस उच्च माध्यमिकवर आला. शून्य या संकेतांकास लेबल नव्हते. ते 'उत्तर नाही' असे समजून आम्हीच वगळले. म्हणजे जे खरोखर निरक्षर होते ते सारणीतून नाहीसे झाले, आणि जे साक्षर होते त्यांतील काही जण निरक्षर म्हणून मोजले गेले.

सारणी पाहून आम्हांपैकी कोणालाही शंका आली नाही, ही गोष्ट अधिक गंभीर होय. पोलादपूर डोंगराळ, महाड बाजारपेठेचे गाव; तेव्हा पोलादपूरमध्ये शिक्षण कमी असणारच, असे गृहीत आमच्या मनात आधीच होते. सारणीने त्या गृहीतास दुजोरा दिला आणि आम्ही पुढे गेलो. चूक उघडकीस आली ती एका विद्यार्थिनीमुळे. ती म्हणाली, "सर, आमच्या वाडीत पदवीधर एकही नाही असे यात दिसते. पण दोन घरांतल्या मुली पदवीधर आहेत. ते फॉर्म मी स्वतः भरलेत." आम्ही मूळ फॉर्म काढले आणि तिचे म्हणणे खरे निघाले.

या अनुभवातून एक तत्त्व हाती लागते. संकेतांक ही संख्या नसून खूण असते, आणि त्या खुणेचा अर्थ तिच्या स्वतःच्या फाईलीपुरताच असतो. फाईलीबाहेर पडताच तो अर्थ सोबत जाईल याची हमी कोणतीही संगणकीय प्रणाली देत नाही. शिवाय आपल्या अपेक्षेविरुद्ध जाणारी चूक आपण शोधतो. अपेक्षेशी जुळणारी चूक मात्र निष्कर्ष म्हणून स्वीकारतो. त्यामुळे तपासणी ही शंका येण्यावर सोडता येत नाही. ती प्रत्येक वेळी करावयाची असते.

चुकांचे प्रमुख प्रकार :

अ) जागच्या जागी बदल : एसपीएसएसमध्ये पुनर्सांकेतिकीकरणाचे दोन मार्ग आहेत. 'रिकोड इन्टू सेम व्हेरिएबल्स' या मार्गाने जुन्या मूल्यांवर नवी मूल्ये लिहिली जातात. 'रिकोड इन्टू डिफरंट व्हेरिएबल्स' या मार्गाने नवे चल तयार होते व जुने तसेच राहते. पहिला मार्ग सोपा वाटतो; परंतु फाईल जतन केल्यावर परतीचा रस्ता उरत नाही. तीच आज्ञा चुकून दोनदा चालविली गेल्यास आधीच बदललेली मूल्ये पुन्हा बदलतात.

आ) क्रमाने दिलेल्या आज्ञा : समजा, घराच्या नुकसानीसाठी एका फाईलीत पूर्ण नुकसान १, अंशतः २ व नुकसान नाही ३ असे संकेतांक आहेत, दुसरीत हाच क्रम उलटा आहे. दुसरी फाईल पहिलीप्रमाणे करण्यासाठी १ चे ३ व ३ चे १ करावयाचे आहे. हे दोन्ही बदल एकाच रिकोड आज्ञेत दिले तर एसपीएसएस प्रत्येक मूल्य एकदाच बदलते आणि उत्तर बरोबर येते. पण आधी एका आज्ञेने १ चे ३ केले आणि नंतर दुसऱ्या आज्ञेने ३ चे १ केले, तर पहिल्या आज्ञेने ३ झालेली मूल्येही पुन्हा १ होतात. ज्यांचे काहीच नुकसान झाले नाही आणि ज्यांचे घर पूर्ण गेले, ती सारी कुटुंबे एकाच रकान्यात येतात. एकूण बेरीज मात्र अचूक राहते, म्हणून चूक लक्षात येत नाही. 'आर' या मुक्त प्रणालीत ओळीमागून ओळ लिहून मूल्ये बदलतानाही हाच धोका असतो.

इ) अनुत्तरित मूल्ये : 'माहीत नाही', 'सांगितले नाही' आणि 'प्रश्न लागू नाही' या तीन वेगवेगळ्या स्थिती होत. एका फाईलीत त्यांसाठी ८, ९ व रिकामी जागा असते, तर दुसरीत ९८, ९९ व शून्य. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या कुटुंबसदस्य फाईलीत वयाच्या चलात ९८ म्हणजे 'माहीत नाही'. हे न पाहता सरासरी काढल्यास वय न सांगितलेला माणूस अठ्ठ्याण्णव वर्षांचा होतो. स्टाटा या प्रणालीत रिकामे मूल्य कोणत्याही संख्येपेक्षा मोठे मानले जाते. तेथे '६० पेक्षा अधिक वय' अशी अट घातली की वय नोंदलेले नसणारेही ज्येष्ठ नागरिकांत गणले जातात.

ई) जोडणीचे दुवा-चल : फाईली एकाखाली एक जोडणे आणि शेजारी शेजारी जोडणे या भिन्न क्रिया होत. कुटुंबाची फाईल व व्यक्तींची फाईल शेजारी जोडताना दोहोंत सामाईक असे ओळखचिन्ह लागते. केवळ घर क्रमांक हे ओळखचिन्ह मानले तर महाडमधील घर क्रमांक १ आणि पोलादपूरमधील घर क्रमांक १ यांची गल्लत होते. तालुका, गाव, वाडी आणि घर क्रमांक मिळून बनलेले चलच येथे विश्वासार्ह ठरते. 'आर'मध्ये घर क्रमांक 'फॅक्टर' म्हणून साठविलेला असल्यास तो सरळ संख्येत रूपांतरित करताना १०१, १०५, ११० यांऐवजी १, २, ३ असे क्रम मिळतात. त्यावर केलेली जोडणी निरर्थक होय.

शासकीय व राष्ट्रीय सामग्री वापरताना :

स्वतःचे सर्वेक्षण जनगणनेशी वा राष्ट्रीय सर्वेक्षणाशी जोडून पाहण्याचा मोह अभ्यासकास होतो आणि तो योग्यही आहे. मात्र या सामग्रीतही संकेतांक स्थिर नसतात. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यांचे क्रमांक प्रत्येक राज्यात स्वतंत्रपणे दिलेले होते; महाराष्ट्रात रायगड जिल्ह्याचा क्रमांक २४ होता. २०११ मध्ये संपूर्ण देशातील जिल्ह्यांना सलग क्रमांक दिले गेले आणि रायगड ५२० झाला. गावांचे संकेतांक २००१ मध्ये आठ अंकी होते, तर २०११ मध्ये सहा अंकी झाले.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे उदाहरण अधिक बोलके आहे. चौथ्या फेरीत (२०१५-१६) राज्यांचे संकेतांक इंग्रजी वर्णक्रमाने होते व महाराष्ट्राचा संकेतांक २० होता. पाचव्या फेरीत (२०१९-२१) जनगणनेचे संकेतांक स्वीकारले गेले. तेथे महाराष्ट्र २७ व झारखंड २० आहे. दोन्ही फेऱ्यांच्या फाईली न तपासता एकाखाली एक जोडून २० हा संकेतांक निवडला, तर एका फेरीतील महाराष्ट्राची तुलना दुसऱ्या फेरीतील झारखंडशी होईल. त्यातून दिसणारा 'बदल' हा कोणाच्याही आरोग्यातील बदल नसेल.

संकेतांकांऐवजी नावांवर जोडणी करावी, असे कोणी सुचवील. परंतु नावेही निर्धोक नाहीत. आपल्या जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. जनगणनेच्या इंग्रजी सारण्यांत 'रायगड' ज्या वर्णांनी लिहिले जाते, त्याच वर्णांनी छत्तीसगडमधील रायगढ जिल्हाही लिहिला जातो. जिल्ह्यातच पाहू गेल्यास वरदविनायकाचे महड हे गाव खालापूर तालुक्यात आहे आणि आपले महाड हे तालुक्याचे ठिकाण. मराठीत ही नावे स्पष्टपणे वेगळी आहेत. इंग्रजी लिपीत दोन्ही एकसारखीच लिहिली जातात. म्हणून राज्य, जिल्हा व तालुका यांचे संकेतांक एकत्र घेऊन, नावाचा उपयोग फक्त पडताळणीसाठी करावा.

याच संदर्भात एक्सेलविषयी सावधगिरी आवश्यक आहे. संकेतांक संख्या म्हणून उघडल्यास त्याच्या आरंभीची शून्ये गळून पडतात. तसेच एक्सेल संख्येचे केवळ १५ अंक अचूक ठेवते. त्यापुढील अंकांच्या जागी शून्य येते. राज्य, जिल्हा, तालुका व गाव यांचे संकेतांक सलग लिहून तयार केलेले दीर्घ ओळखचिन्ह यामुळे बिघडते व अनेक गावांना एकच क्रमांक मिळू शकतो. असे सर्व संकेतांक मजकूर म्हणूनच साठवावेत.

पुनर्सांकेतिकीकरणाच्या मर्यादा :

काही तफावती संकेतांक बदलून मिटत नाहीत. एका फाईलीत शिक्षणाचे आठ वर्ग व दुसरीत पाच असतील, तर आठांचे पाच करता येतात. पाचांचे आठ करता येत नाहीत. उत्पन्नाचे गट एका फाईलीत ५,००० ते १०,००० आणि दुसरीत ७,००० ते १२,००० असे असतील, तर त्यांचे सामाईक गट बनविणे शक्य होत नाही. अशा वेळी तुलना न करणे हाच प्रामाणिक मार्ग होय.

याहून सूक्ष्म अडचण प्रश्नाच्या अर्थाची आहे. या दोन्ही तालुक्यांत कर्ता पुरुष मुंबईस नोकरीला आणि बाकीचे कुटुंब गावी, अशी घरे पुष्कळ आहेत. गणपतीला व शिमग्याला येणारा हा चाकरमानी कुटुंबाचा सदस्य मोजावा की नाही? एका गटाने 'घरातील माणसे' या शीर्षकाखाली त्याला धरले, दुसऱ्याने 'येथे राहणारी माणसे' म्हणून वगळले, तर कुटुंबाचा आकार, कमावत्यांची संख्या आणि कुटुंबप्रमुख स्त्री की पुरुष ही तिन्ही चले बदलतात. दोन्ही फाईलींत चलाचे नाव, संकेतांक व लेबल एकच असूनही माहिती भिन्न असते. हे केवळ प्रश्नावली व सर्वेक्षकांना दिलेल्या सूचना वाचूनच कळते. वाड्यांच्या बाबतीतही असेच घडते. जनगणना महसुली गाव मोजते, तर आपला विद्यार्थी वाडीचे वा कोंडाचे नाव लिहून आणतो. तळीये येथील दुर्घटना ज्या कोंढाळकरवाडीत घडली ती तळीये या गावाची वाडी होय. वाडी कोणत्या महसुली गावात मोडते याची नोंद क्षेत्रकार्याच्या वेळीच करून घ्यावी. नंतर संगणकासमोर बसून ती अंदाजाने भरू नये.

सुरक्षित कार्यपद्धती :

१. मूळ फाईली जशाच्या तशा जतन कराव्यात व काम नेहमी प्रतीवर करावे. मूळ प्रश्नावली व संकेतसूची सोबत ठेवावी.

२. एकत्रीकरणापूर्वी प्रत्येक सामाईक चलाचा तुलना-तक्ता कागदावर करावा. त्यात पहिल्या फाईलीतील संकेतांक, दुसऱ्या फाईलीतील संकेतांक, ठरविलेला सामाईक संकेतांक आणि त्याचा अर्थ असे चार रकाने असावेत. वरील उदाहरणात पोलादपूरचे ०, १, २, ३, ४ हे अनुक्रमे १, २, ३, ४, ५ होतात, एवढी एक ओळ लिहिली असती तरी आमची चूक टळली असती.

३. प्रत्येक फाईलीत 'स्रोत' नावाचे चल जोडावे. उदाहरणार्थ, महाड १ व पोलादपूर २. एकत्रीकरणानंतर कोणती नोंद कोठून आली हे सांगणारी एवढीच खूण शिल्लक राहते.

४. पुनर्सांकेतिकीकरण एकत्रीकरणाच्या आधी, प्रत्येक फाईलीत स्वतंत्रपणे आणि नेहमी नव्या चलात करावे. सर्व मूल्ये आज्ञेत स्पष्टपणे लिहावीत. एसपीएसएसमध्ये नव्या चलात रिकोड करताना न लिहिलेली मूल्ये रिकामी होतात, आणि हे आपल्या हिताचेच असते, कारण विसरलेले मूल्य रिकाम्या जागेच्या रूपाने दिसते. 'उरलेली मूल्ये तशीच ठेवा' हा पर्याय सोयीचा असला तरी तो विसरलेली मूल्ये झाकून टाकतो. नव्या चलास जुनी लेबले व अनुत्तरित मूल्यांची घोषणा आपोआप मिळत नाही. ती पुन्हा द्यावी.

५. जुने चल व नवे चल यांची द्विचल सारणी काढावी. जुन्या प्रत्येक मूल्यासमोर नव्या चलाचा एकच रकाना भरलेला असला पाहिजे. जुन्या मूल्यांचे वर्ग एकत्र केले असतील तर एका नव्या रकान्यात अनेक जुनी मूल्ये येतील. परंतु एक जुने मूल्य दोन नव्या रकान्यांत कधीही विभागले जाता कामा नये. ही सारणी काढण्यास एक मिनिटही लागत नाही आणि बहुतेक चुका येथेच सापडतात.

६. शेजारी जोडणी करण्यापूर्वी दुवा-चलात पुनरावृत्ती नाही याची खात्री करावी. जोडणीनंतर नोंदींची संख्या अपेक्षेइतकी आहे काय, किती नोंदींना जोडी मिळाली नाही, हे लिहून ठेवावे.

७. एकत्र फाईलीतील प्रत्येक महत्त्वाच्या चलाची वारंवारता 'स्रोत' चलानुसार काढून ती मूळ फाईलींतील वारंवारतेशी ताडून पाहावी. त्यानंतर प्रत्येक गटातील काही फॉर्म यादृच्छिक पद्धतीने काढून त्यांवरील उत्तरे पडद्यावरील नोंदीशी जुळतात का, हे पाहावे.

८. माउसने दिलेल्या आज्ञांची कोणतीही नोंद नंतर हाती राहील असे समजू नये. एसपीएसएसमधील 'पेस्ट' बटण वापरून सिंटॅक्स फाईल तयार करावी व ती प्रबंधाच्या वा अहवालाच्या कागदपत्रांत ठेवावी. परीक्षकाने विचारल्यास आकडा कसा आला हे त्यावरून दाखविता येते.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, एकत्रीकरणातील बहुतांश चुका सांख्यिकीच्या अज्ञानातून नव्हे, तर संकेतांकाला संख्या मानण्याच्या सवयीतून घडतात. दोन, संगणकीय प्रणाली आज्ञेची शुद्धता तपासते, अर्थाची तपासत नाही; ती जबाबदारी संशोधकाची होय. तीन, मूळ चल कायम ठेवणे, तुलना-तक्ता लिहिणे आणि जुन्या-नव्या चलांची सारणी काढणे या तीन गोष्टी नियमितपणे केल्या तरी सामग्री बव्हंशी सुरक्षित राहते. चार, ज्यांनी घरोघरी जाऊन माहिती आणली त्या विद्यार्थ्यांना सारण्या दाखविणे ही पडताळणीची एक पद्धतच मानली पाहिजे.

पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ असा अधिसूचित झालेला आहे. तिची सामग्री हाती आल्यावर २०११ शी तुलना करण्याचे काम आपल्या महाविद्यालयांतूनही होईल. तेव्हा संकेतांक पुन्हा एकदा तपासावे लागतील. पोलादपूरच्या वाडीतील दोन मुलींनी पदवी मिळविली, ही गोष्ट आमच्या पहिल्या सारणीत नव्हती. ती मूळ फॉर्मवर होती आणि फॉर्म भरणाऱ्या मुलीच्या लक्षात होती. जेथे असे लक्षात ठेवणारे कोणी नसेल, तेथे आपली कार्यपद्धतीच त्या नोंदीचे रक्षण करू शकते.